गाणाऱ्या बायकांची नावं

सांडोर गावच्या लग्नमांडवात हळदीची गाणी रंगात आली होती, आणि ती रेकॉर्ड करायला नवरीकडची पूर्वी उभी होती नेमकी जनरेटरशेजारी.

"ही गाणी नाहीत, जनरेटरची मुलाखत चाललीय," मागून कुणीतरी म्हणालं.

नवऱ्याकडचा होता. हातात सरबताचे दोन ग्लास.

"दुसरा कुणासाठी?"

"आत्तापर्यंत ठरलं नव्हतं…" म्हणत त्याने तो तिच्यापुढे धरला.

हा प्रितेश. आवाजातली खरखर काढणारी ऑडिओ लायब्ररी, म्हणजे कितीतरी ॲप फुकट वापरतात असा तयार कोड, त्याने लिहिला होता. तिची नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. मग काय, दर रविवारी केळीच्या बागेत गाणी साफ होऊ लागली. इअरफोनची एक गुंडी तिच्या कानात, एक त्याच्या. मान हलवायचीही चोरी! तो बोलेल, बोलेल म्हणता थंडी सरली.

"सगळ्यांची नावं घाल गो बाय," गाणाऱ्यांतल्या तिच्या प्रेमलताकाकूंनी बजावलं. "एक जरी राहिली तरी वर्षभर तोंड फुगवून बसेल."

पूर्वीने गाण्याच्या फाईलमध्ये गायिकेच्या रकान्यात झाडून सगळ्या घातल्या, माहेर-सासरसकट. फाईल उघडली आणि प्रितेशचा कोड वापरणारं ॲप धाडकन बंद.

प्रितेश हसला. कोड पाहिला, मग हसेना. "नावांची जागा भरली की पुढची नावं शेजारच्या मेमरीत सांडतायत… लांबी तपासायची राहिली माझी."

"आणि नावांऐवजी कुणी मुद्दाम भलतंच भरून गाणं पाठवलं तर?"

"…तर फोन त्याच्या ताब्यात."

"मग आजच कळव सगळ्यांना."

"गुपचूप दुरुस्त करतो ना!"

"आणि ॲपवाल्यांना कसं कळणार, नवा कोड घ्यायचाय ते?"

"महिनाभर थांब, पूर्वी. परदेशातली नोकरी याच कोडवर मिळतेय. आत्ता बोभाटा झाला तर संपलं."

"काकूंच्या फोनमध्ये आहे हे. बँकही त्याच फोनवर."

"तुझ्या काकूंना कोण लुटायला बसलंय?"

"काकू म्हणून नाही लुटत रे. सापडली म्हणून लुटतात."

त्याने तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. तळवा गरम होता.

"मला तू हवी आहेस… जन्मभर. म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस."

याच वाक्याची वाट पाहण्यात तिचा अख्खा हिवाळा गेला होता. लाजायचं कसं, तेही ठरवून ठेवलेलं. वाक्य आलं खरं, पण अट बगलेत मारून आलं. आणि तरीही काळीज धडधडलंच मेलं!

"हात सोड, प्रितेश."

"का?"

"तुझ्यासोबत हा कोड सांभाळणाऱ्या दोघांना कळवतेय. टाईप करायला दोन्ही हात लागतात मला."

तो थोडा तरी अडवेल, असं तिला वाटलं. त्याने सोडला. इतका चटकन, की डोळे भरून मोबाईलवरचं पहिलं अक्षरही तिला धड दिसेना.