रुजवात

विषय : कर्मचारी निवासस्थान बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : नक्कल विभागातील एका कारकुनाचा अर्ज, सोबत वैद्यकीय दाखला.

"काका, गोष्ट सांगताय की टिपणी वाचताय?" थोरली पुतणी म्हणाली.

"विषय आणि संदर्भ नसलेल्या कागदाला उभ्या नोकरीत मी हात लावला नाही," काका म्हणाले. "भुताला वेगळा नियम का लावू?"

दिवे गेले होते. पोरं गच्चीवर काकांभोवती गोळा झाली होती. धाकट्या पुतण्यानं मोबाइलचा उजेड केला, तो काकांनी बंद करायला लावला.

"हे ऐकीव नाही. माणूस माझ्या कचेरीतला. अर्ज माझ्या टेबलावरून गेला. मध्ये बोलायचं नाही."

आणि त्यांनी सुरुवात केली.

वर्षअखेरीची कामं संपली, त्या शुक्रवारी संध्याकाळी नक्कल विभागातला हा कारकून कोऱ्या कागदांचं बंडल आणायला बाजारात गेला. कागद कादंबरीसाठी हवे होते. पहिलीच कादंबरी, तीही भुताची. कचेरीत त्याला सगळे लेखकराव म्हणायचे. कादंबरी कुणी वाचली नव्हती, त्यामुळे म्हणायला अडचण नव्हती. प्रकाशकानं सोमवारपर्यंत शेवटचं प्रकरण मागितलं होतं. ते वेळेत गेलं तर पुस्तक निघणार; नाही तर एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी छापखान्यात आधीच रांगेत होत्या. लेखकराव चाळिशीला आलेला, एकटा. लग्न जमलं नव्हतं, बढती हुकली होती. पुस्तकावर छापलेलं स्वतःचं नाव, एवढीच एक गोष्ट त्याला जन्मात हवी होती.

कादंबरीतली बाई त्यानं कुठून शोधली नव्हती. ती भिंतीपलीकडे राहायची.

कर्मचाऱ्यांच्या त्या इमारतीत शेजारच्या खोल्यांत स्टोअरकीपर आणि त्याची बायको राहायचे. ती शिवणकाम करायची. लेखकराव तिला वहिनी म्हणायचा. त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं तीच लावून द्यायची. सुई टोचू नये म्हणून बोटात पितळेची टोपी घालायची, आणि शर्ट तयार झाला की त्याच टोपीनं मधल्या भिंतीवर वाजवायची. टक. मग हा जाऊन शर्ट घेऊन यायचा. "भाऊजी, बटणं तोडता की खाता?" ती दारातूनच विचारायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. गळफास घेतला, असं स्टोअरकीपरनं सांगितलं. पोलिसांनी लेखकरावालाही विचारलं. "मी झोपलो होतो," तो म्हणाला. पोलिसांना हे उत्तर आवडतं. अर्ध्या ओळीत मावतं. स्टोअरकीपर बदली घेऊन गेला, खोल्यांना कुलूप लागलं, आणि लेखकरावाला कादंबरी सुचली.

पहिला खर्डा वाचून प्रकाशक म्हणाला, "भूत ठीक आहे हो, पण माणसं मेलेली वाटतात. आणि भूत उगाच छळत नाही. काहीतरी कारण द्या."

यानं कारण दिलं. कादंबरीतली बाई चालू दाखवली. तिचं बाहेर प्रकरण. नवरा देवमाणूस. बिंग फुटल्यावर ती लाजेनं गळफास घेते आणि मेल्यावर त्या बिचाऱ्याच्या मागे लागते. बाईचं नाव बदललं, पण शिवणयंत्र ठेवलं, पितळेची टोपी ठेवली, भिंतीवरची टकटकही ठेवली. तपशील फुकट मिळाला की नवा लेखक तो टाकून देत नाही.

"पण काका, भूत कुठाय?" धाकटा म्हणाला.

"येतंय. आधी रुजवात म्हणजे काय ते ऐक."

नक्कल विभागात प्रत तयार झाली की ती मूळ कागदाशी ताडून पाहतात. दोघं बसतात. एक जण प्रत मोठ्यानं वाचतो, दुसरा मूळ कागदावर बोट फिरवत ऐकतो. वाक्य जुळलं की दुसऱ्यानं 'हं' म्हणायचं, मग पुढचं वाचायचं. जुळलं नाही तर तो गप्प बसतो. याला रुजवात म्हणतात. लेखकरावाची सगळी नोकरी यात गेली. त्यामुळे रात्री जेवण उरकून कादंबरी वाचायला बसला तरी तो मोठ्यानंच वाचायचा, आणि दर पूर्णविरामाला सवयीनं थांबायचा. 'हं' म्हणायला घरात कुणी नव्हतं.

त्या शुक्रवारच्या काही आठवडे आधी, एका रात्री भिंतीनं म्हटलं.

वाक्य साधं होतं. "तिला पांढऱ्या दोऱ्यात काळं बटण लावलेलं खपत नसे." तो थांबला.

टक.

उंदीर असेल, असं त्यानं ठरवलं. पुढचं वाक्य वाचलं. "तिची नजर परपुरुषांवर असे."

काही नाही.

त्यानं ते पुन्हा वाचलं. काही नाही. मग गंमत म्हणून वाक्य खोडलं आणि वाचलं, "ती कुणाकडे मान वर करून बघत नसे."

टक.

शहाणा माणूस त्याच रात्री खोली सोडून गेला असता. पण हा लेखक होता. त्यानं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये काकांना सगळं सांगितलं, तेही खुशीत.

"अहो, संवाद कसे जिवंत झालेत! चुकलं की गप्प बसते, बरोबर असलं की वाजवते. असा वाचक कुणाला मिळतो?"

"मूळ प्रत तिच्याकडे आहे म्हणून मिळतो," काका म्हणाले. "तू शेजारीच होतास ना रे तेव्हा?"

"झोपलो होतो मी," लेखकराव म्हणाला आणि चहा बशीत ओतू लागला.

रोज रात्री रुजवात होऊ लागली. देवमाणूस नवरा खोडला गेला. बाहेरचं प्रकरण खोडलं गेलं. 'तिनं गळफास घेतला' या वाक्याला भिंत तासभर गप्प राहिली. शेवटी यानं लिहिलं, "नवऱ्यानं माप घ्यायची फीत तिच्या गळ्याभोवती आवळली."

टक. इतक्या जोरात, की खुंटीवरचा शर्ट खाली पडला.

मग सूड आला. भुताच्या कादंबरीत तो यावाच लागतो. कुणीतरी पाठीत हात लावतं आणि नवरा गोदामातल्या शिडीवरून खाली येतो, मान मोडते, असं त्यानं लिहिलं. वाचलं. टक. दोन दिवसांनी कचेरीत बातमी आली. स्टोअरकीपर गेला. नव्या ठिकाणी, गोदामात, शिडीवरून. ज्या रात्री यानं वाचलं त्याच रात्री.

कचेरीत सगळे हळहळले. लेखकराव जागेवर बसून होता. हातातला पेन त्यानं हळूच खाली ठेवला.

 खाली रस्त्यावरून एक सायकल गेली.

"आता एकच प्रकरण राहिलं होतं," काका म्हणाले.

त्या शुक्रवारी रात्री साडेअकराला तो कोरे कागद घेऊन बसला. कथेत सगळ्यांचं झालं होतं. फक्त कादंबरीतल्या बाईचा शेजारी उरला होता. त्या रात्री भिंतीपलीकडे बाई मेली, तेव्हा शेजारी कुठे होता? वाचक विचारणार. यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"शेजारी त्या दिवशी बाहेरगावी गेला होता."

काही नाही.

खोडलं. "शेजारी गाढ झोपेत होता."

काही नाही.

पलीकडच्या बाजूला कॅशियरचं बिऱ्हाड होतं. तिथं टीव्ही चालू होता, माणसं हसत होती. त्या आवाजानं याला थोडा धीर आला. शेजाऱ्याला कादंबरीतून काढूनच टाकावं, असं याला वाटलं. त्यानं मागची पानं काढली, शेजाऱ्याचा उल्लेख येईल तिथं रेघ मारली आणि वाचलं, "शेजारची खोली रिकामी होती."

भिंत गप्प.

पण खोलीत मशीनच्या तेलाचा वास आला. वहिनींच्या मशीनला असायचा तसा.

त्याला ठाऊक होतं, काय लिहिलं की भिंत वाजेल. दोन वर्षं ठाऊक होतं. सोमवार जवळ आला होता. आणि खरं सांगायचं तर, ही शांतता त्याला सोसवेना.

"शेजारी जागा होता."

टक.

"त्यानं भिंतीवरची टकटक ऐकली."

टक.

"ती नेहमीसारखी एकदाच नव्हती... थांबत नव्हती."

टक. टक. टक. टक.

 पण तो लेखक होता, आणि कारकूनही. शेवटची एक सवलत त्यानं मागून पाहिली.

"तो उठला. दारापर्यंत गेला..."

काही नाही.

"दारापर्यंत तरी गेला."

काही नाही.

"वहिनी," तो भिंतीला म्हणाला, "नवरा-बायकोचं भांडण... आपण मध्ये कसं पडायचं? सगळं जग हेच..."

काही नाही.

त्यानं लिहिलं. आधी नुसतं पुटपुटला. पुन्हा वाचलं.

"त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला."

टक.

या वेळी भिंतीवर नाही. टेबलावर. त्याच्या हाताशेजारी.

दिवा गेला.

गळ्याला काहीतरी लागलं. चपटं. गार. मागून. सावकाश... एक पूर्ण वेढा.

त्यानं ओरडायला तोंड उघडलं. आवाज नव्हता.

तो सरपटत कॅशियरच्या भिंतीशी गेला. मुठीनं ठोकलं. पलीकडचं हसणं थांबलं. ऐकलं! त्यांनी ऐकलं. तो ठोकत राहिला. पलीकडे कॅशियरची बायको म्हणाली, "अहो, शेजारी..."

"गप्प बस. आपल्याला काय करायचंय?"

आणि मग...

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला.

गच्चीवर धाकटा थोरलीला चिकटला होता. 

"मेला?" थोरलीनं हळूच विचारलं.

"मारायचं असतं तर शिडी होतीच की. त्याला रात्रभर ठोकायला लावलं. वहिनींच्या वाट्याला इतका वेळही आला नव्हता."

सकाळी दूधवाल्यानं पाहिलं. लेखकराव भिंतीशी बसलेला, बोटांची सालं निघालेली, वाचा गेलेली. वाचा पुन्हा आली नाही. शेवटच्या रात्रीचं पुढे त्यानं मोबाइलवर टाइप करून काकांना दाखवलं, जेवणाच्या सुट्टीत, थोडं थोडं करून. पोलिसांनी इमारतीत सगळ्यांना विचारलं. वर्षअखेरीच्या कामानं माणसं दमली होती. सगळे झोपले होते. कॅशियर तर जरा लवकरच झोपला होता.

कादंबरी प्रकाशकाकडे गेली नाही. न्यायाधीशाच्या आठवणी निघाल्या.

लेखकरावाच्या गळ्याभोवती अर्धा इंच रुंद लाल वळ होता. वळावर बारीक रेघा होत्या, एकसारख्या अंतरावर, आणि दर मोठ्या रेघेशेजारी एक आकडा, कातडीत उठलेला, आरशात दिसावा तसा उलटा. एक, दोन, तीन. मानेला वळसा घालून पंधरापर्यंत. डॉक्टरांनी दाखल्यात फक्त 'वळ' लिहिलं. आकड्यांसाठी रकाना नव्हता. काका निवृत्त झाले त्या दिवशी लेखकराव हार घालायला आला होता. कॉलरचं वरचं बटण लावलेलं होतं. ते काळं होतं, दोरा काळाच. घरात त्याच्याकडे सुईसुद्धा नव्हती.

"आणि अर्जाचं काय झालं, काका?"

अर्जात त्यानं कारण लिहिलं होतं, 'शेजाऱ्यांचा त्रास'. त्यावर विभागानं शेरा मारला की अर्जदाराच्या एका बाजूचे निवासस्थान दोन वर्षांपासून रिकामे आहे आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांची तक्रार नाही. तरी त्रास नेमका कोणाचा, याचा खुलासा अर्जदाराने समक्ष येऊन तोंडी करावा.

खुलासा झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.