घासायचा राहिलेला कान

नातसून असलीस तरी लेकीसारखी आहेस, बस जवळ. शेजारच्या आपल्या मूर्तींच्या कारखान्यातून घासल्याचा आवाज येतोय ना, तिकडे लक्ष देऊ नकोस.

त्या दुपारी मी कारखान्यात नुसती चाळणी आणायला गेले होते. कारागीर जेवायला गेलेले. दगडाच्या भुकटीचा ओला वास, बाकी चिटपाखरू नाही. मागच्या भिंतीशी ती बाईची मूर्ती उभी. एका कानाची.

दुसरा कान माझ्याच हातून गेलेला. आम्ही दोघी जावा मूर्ती घासून गुळगुळीत करायचो. हात चालायचा थोरलीचा, माझं आपलं तोंड. "धाकटे, तोंडानं दगड घासला जात नाही गं!" म्हणायची. त्या मूर्तीवर ती तीन आठवडे राबली. मी बादली उचलली आणि कडी कानाला लागली. टक्. मी भुकटीत मेण कालवलं, कान चिकटवला आणि गप्प बसले. गिऱ्हाइकानं हात लावला तसा तो सगळ्यांदेखत गळून पडला.

मूर्ती थोरलीच्या हातची, म्हणून सासरे तिलाच म्हणाले, "पुन्हा दगडाला हात लावायचा नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून भुकटी चाळत राहिले.

अकरा वर्षं ती स्वयंपाकघरात बसून राहिली. बोटं मात्र ताटाच्या कडेवरून गोल गोल फिरायची. शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "एकदा सांग ना... माझ्या कानात सांग."

मी तिची उशी सारखी केली आणि बाहेर आले.

ती गेल्यावर महिन्याभरानं आली ती दुपार. चाळणी उचलली आणि ऐकू आलं... खर्र... खर्र... ओल्या दगडावर दगड. मूर्तीपाशी कुणी नव्हतं. पण तुटल्या जागी कान होता. चिकटवलेला नव्हे, त्याच दगडातून उगवलेला, खडबडीत, छिन्नीचे घाव तसेच. त्यावरून पाणी ओघळत होतं.

तेव्हापासून तो दरवर्षी थोडा थोडा गुळगुळीत होतोय. घरच्यांना वाटतं, मीच घासते. मी वाटू दिलं. ती मेल्यावरही तिचं काम माझ्या नावावर घेतलं बघ.

परवा हात लावून पाहिला. फक्त कानाची पाळी घासायची राहिलीय. म्हणून तुला सांगतेय. त्या मूर्तीपुढं उभं राहून तोंड उघडायचं धाडस अजून नाही... कान मी तोडला गं. मी.

...

पोरी, मघापासूनचा तो आवाज... थांबला की गं.