कडीची कुरकुर

दुपारच्या शांततेत पाळण्याची कडी कुरकुरली. शर्वाणीने लॅपटॉपवरून नजर न हलवता कान दिला. लांबट, संथ कुरकुर. बाळ झोपेतच कुशीवर वळलं होतं. जागं असतं तर कडी तुटक वाजली असती.

"ऐकतेयस ना?" पडद्यावरून कुलथे सरांनी विचारलं. प्रयोगशाळेत शीतयंत्राशेजारी ते घामाघूम उभे होते. "संध्याकाळी निधीची समिती येतेय. आपल्या क्वांटम संगणकाचा पुंजबिट पहिल्यांदा 'एक' सांगतो, लगेच पुन्हा विचारलं की 'शून्य'. हे असंच राहिलं, तर तुझी रजा संपेल तेव्हा परतायला प्रयोगशाळाच नसेल."

"उत्तर विचारायला तरंग किती जोराचा सोडताय?"

"वाढवलाय. उत्तर स्पष्ट यावं म्हणून."

"बाळाच्या कानाशी 'झोपलास का?' म्हणून ओरडलात, तर उत्तर स्पष्टच येईल, सर."

जमिनीवर चित्र रंगवणारी पाच वर्षांची रेवा फिसकन हसली.

"पुंजबिटाला आपण हात लावतच नाही," शर्वाणी म्हणाली. "शेजारी घुमणाऱ्या अनुनादकाचा सूर ऐकतो. बिट शून्य असला की एक सूर, एक असला की जरा वेगळा. म्हणजे बाळ न बघता कडी ऐकायची. तुम्ही पाळणाच गदागदा हलवताय, मग बिट खाली पडणार नाही तर काय? तरंग दहा पटींनी कमी करा आणि आतला, बारीक सूर मोठा करणारा अतिवाहक विवर्धक सुरू करा. आवाज नाही, कान वाढवा."

"तू गेल्यापासून तो बंदच आहे. मला नाही जमत त्याची मनधरणी."

"मी सांगते तसं करत जा."

तिने बोट धरून चालवावं तसं त्यांना पुढे नेलं. मग बिटाला अधांतरी ठेवलं, शून्य आणि एक या दोन्हींत. पहिलं उत्तर आलं: एक. पुन्हा एक. पुन्हा एक. रांग मोडेना.

बिट पुन्हा अधांतरी ठेवला. या वेळी शून्य. मग शून्यच, शून्यच.

"जमलं," कुलथे ओरडले.

"सर, हळू. बाळ झोपलंय."

"जमलं गं," ते कुजबुजले, आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. शर्वाणीने ओढणीत तोंड खुपसून हसू दाबलं.

"बिट झोपला?" रेवाने विचारलं.

"हो. आता हळूच कितीही वेळा ऐकलं, तरी तो उत्तर बदलत नाही."

रेवाने खडू खाली ठेवला.

"पण आई, तू पहिल्यांदा ऐकायच्या आधी तो जागा होता की झोपलेला?"