एक दिवा जास्तीचा

भर दुपारची वेळ. हातात तीन पायांच्या स्टँडवरचा दिवा, खांद्याला कॅमेरा आणि डोक्यात एकच विचार... सातवीचे फोटो उरकले की गरमागरम चहा. घाईघाईत तिने दार ढकललं, वर्गात शिरली आणि जागच्या जागी थबकली. आत अंधार होता. साधासुधा नव्हे, खिडक्यांना काळे कागद चिकटवून मुद्दाम केलेला मिट्ट अंधार. आणि त्या अंधारात वर्गभर पोरं हळहळत उभी होती.

"आधी दार लावून घ्या," अंधारातून आवाज आला. आवाज चिडका नव्हता, पण ऐकावाच लागेल असा होता.

तिने निमूटपणे दार लावलं. आपण फोटो काढायला आलोय, बहुतेक वर्ग चुकला, असं ती सांगायला लागली, तोवर पुढचा प्रश्न आला.

"तुमच्या हातात आहे तो दिवाच ना?"

"स्टुडिओचा दिवा आहे. का?"

"आमचा सूर्य आत्ताच गेला हो."

पोरं खिदळली. टेबलावरचा बल्ब ऐन तासात उडाला होता, दुसरा आणायला गेलेला शिपाई काही परत येत नव्हता आणि विज्ञानाचे सर बिनसूर्याची सूर्यमाला घेऊन उभे होते. आता तिच्या बाबांचा एक कडक नियम होता. स्टुडिओतला दिवा परक्या हातात द्यायचा नाही, मग समोर कितीही मोठा माणूस असो. ती बाबांचीच लेक. तिने सांगून टाकलं, दिवा देते, पण हात मीच लावणार. सर म्हणाले, मग तर सोन्याहून पिवळं.

तिने दिवा लावला आणि तेव्हा तिला ते पहिल्यांदा दिसले. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत खडूची पूड, शर्टाच्या खिशातून डोकावणारी पेन्सिल. रूपाचं म्हणाल तर चारचौघांसारखंच. पण पोरांकडे बघताना त्या चेहऱ्यावर जे काही येत होतं, ते चारचौघांसारखं नव्हतं.

प्रत्येक पोराच्या हातात पेन्सिलीला टोचलेला एक पांढरा चेंडू होता. तो चंद्र. पोराचं स्वतःचं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू हात लांब करून समोर धरायचा आणि जागच्या जागी सावकाश फिरायचं. सरांनी एक चेंडू तिच्याही हातात ठेवला. ती नको-नको म्हणेपर्यंत वर्ग फिरायला लागला होता, मग तीही फिरली. दिव्याकडे तोंड होतं तेव्हा चेंडूची तिच्याकडची बाजू काळी. थोडं वळल्यावर कडेला उजेडाची एक बारीकशी कोर... आणखी वळल्यावर अर्धा चंद्र. दिव्याकडे पाठ झाली, तर चेंडूवर तिच्याच डोक्याची सावली पडली.

"जरा उंच धरा," सर हलकेच म्हणाले. "डोक्याची सावली पडली की ते ग्रहण. दर पौर्णिमेला ग्रहण केलंत तर लोक काय म्हणतील?"

तिने चेंडू उंच धरला आणि तो अख्खा उजळला. लहानपणापासून ती समजत आली होती की चंद्राची कोर म्हणजे पृथ्वीची सावली. खरं कारण शाळेत पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं, विसरून गेलेलं. आणि आज हातातल्या चेंडूवर तिने ती कोर उगवताना पाहिली होती. सावली नव्हतीच ती. अर्धा चंद्र कायमच उजेडात असतो, आपल्याला त्यातला किती दिसतो एवढाच काय तो फरक. तिला एकदम हसू आलं. सातवीचे फोटो त्या दिवशी राहिलेच.

मग शाळेत तिच्या खेपा सुरू झाल्या. आधी राहिलेले फोटो. मग ओळखपत्रांचे फोटो. मग एका तुकडीच्या फोटोत दोघांचे डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा फोटो. (डोळे मिटलेली पोरं ती आधीही चालवून घ्यायची, हे फक्त बाबांना ठाऊक.) दर खेपेला तास संपायच्या आत ती दिवा घेऊन विज्ञानाच्या वर्गात हजर. पोरांनी तिचं नाव फोटोताई ठेवलं. सरांना तर पोरं आधीपासूनच चांदोबा सर म्हणत होती. दोन्ही नावं शेजारी-शेजारी घेताना मागच्या बाकांवर जी कुजबूज चालायची, तिच्याकडे दोघंही कानाडोळा करायची.

एकदा चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे शिकवायचं होतं. सरांनी तिला वर्गाच्या मधोमध उभं केलं आणि तुम्ही पृथ्वी, म्हणून सांगितलं. स्वतः चंद्र झाले. तिच्याकडेच तोंड ठेवून, एक-एक पाऊल बाजूला टाकत ते तिच्याभोवती फिरायला लागले. नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. पाठ करायची नाही, हाच तर नियम होता... पण नियम पाळताना कुणाचे कान एवढे लाल होतात का? ती फिरायचंच विसरली.

"पृथ्वी," ते एका कडेला येऊन थांबत म्हणाले, "तुम्हीपण स्वतःभोवती फिरायचंय."

"फिरते की... चंद्राने जरा दुसरीकडे बघितलं तर."

"ते चंद्राला जमत नाही. तोच तर आजचा धडा आहे."

वर्गात हसण्याचा असा कल्लोळ झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. ती लाजून चूर झाली आणि मग गरागरा फिरली. खरी पृथ्वी त्या वेगाने फिरली असती तर दिवस मावळतोय कधी आणि उजाडतोय कधी, याचा कुणाला पत्ता लागला नसता.

संध्याकाळी बाबांनी फोटो चाळले. पोरांचे फोटो होते, चेंडूंचे होते, फळ्याचे होते, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात कुठे ना कुठे दुमडलेल्या बाह्या होत्या. बाबांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, काम शाळेने दिलंय की मास्तरांनी. ती म्हणाली, काहीतरीच काय बाबा. बाबा म्हणाले, काहीतरी नाही, बरंच काही दिसतंय. आणि फोटो पुन्हा पाकिटात नीट भरून ठेवले.

सगळं असं छान चाललं होतं आणि मग तिला खरी गोष्ट कळली. सरांची नोकरी तात्पुरती होती. ज्यांच्या जागी ते शिकवत होते, त्या रजेवर गेलेल्या बाई आता राजीनामा देणार होत्या, जागा कायमची भरायची होती आणि त्यासाठी निवड समिती सरांचा एक तास बघणार होती. पसंत पडला तर नोकरी पक्की. नाही पडला तर लांबच्या गावी मोठ्या भावाने कुठल्याशा गोदामात हिशेबाचं काम बघून ठेवलं होतं, तिकडे जायचं. सरांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. तिला मात्र ते पटेना. हा माणूस गोदामात? पोरांच्या हातावर चंद्र ठेवणारा माणूस पोती मोजणार? आणि आपण... आपण कुणासाठी दिवा उचलून आणायचा?

तासाच्या दिवशी ती शाळा भरायच्या आत येऊन बसली. मनाशी ठरवलं होतं की आज काही कमी पडू द्यायचं नाही. मोठा दिवा जागेवर लावला. खिडक्यांच्या फटींवर पुन्हा कागद चिकटवले. मग मागे जाऊन, समितीच्या खुर्चीत बसून बघितलं, आणि तिला पसंत पडेना. एका बाजूने लख्ख उजेड, दुसऱ्या बाजूला काळोख. पोरांचे अर्धे चेहरेच दिसणार नाहीत. आता फोटोवाल्याच्या घरात जन्म गेलेला. बाबांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती, की चेहऱ्यावर काळी सावली राहिली तर गिऱ्हाईक परत येत नाही. तिचे हात आपोआप पिशवीत गेले. धाकटा दिवा काढला, त्यावर पातळ कापड लावलं आणि मोठ्या दिव्याच्या समोरच्या कोपऱ्यात बाकावर चढून तो तिरपा करून बसवला. तेवढ्यात सर आत आले. दारात क्षणभर उभे राहिले, तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं... पण बोलले नाहीत. फक्त बाक हलू नये म्हणून येऊन धरून ठेवला.

समिती आली. मुख्याध्यापिका, एक शांत बाई आणि जाड चष्म्याचे एक गृहस्थ. तास सुरू झाला. सरांनी दोनच वाक्यांत पोरांना असं गुंतवलं की मागे कोण बसलंय हे पोरं विसरूनच गेली. मग दिवे लागले. पोरांनी सूर्याकडे तोंड केलं, चंद्र समोर धरला. आता चंद्राची काळी बाजू दिसायची. अमावस्या.

चंद्र मस्त उजळलेला होता.

पोरं वळली. चंद्र उजळलेलाच. अर्ध्यावर वळली, तरी तेच. कोर नाही, अर्धा चंद्र नाही, काही नाही. ती दिव्याजवळ उभी होती. आपण काय करून ठेवलंय ते तिला एका क्षणात कळलं. सावली पुसायची सवय. ज्या सावलीवर सगळा धडा उभा होता, तीच तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. मागे चष्मेवाल्या गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते फळ्याला टेकले, हाताची घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "आज आपल्या आकाशात काहीतरी बिघडलंय. काय ते सांगा."

वर्गात एकच गलका उडाला. कुणी म्हणे चेंडू नवे आहेत, कुणी म्हणे आपण उलटे फिरलो. दोघं तर भांडणावर आली. सरांनी कुणाला चूक म्हटलं नाही, कुणाला बरोबर म्हटलं नाही. नुसतं विचारत राहिले, करून बघ, आता काय दिसतं, मग असं का. शेवटी मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने हात वर केला.

"सर, दोन सूर्य आहेत."

आणि मग जो उजेड पडला त्या डोक्यांत! दोन सूर्य, म्हणजे अमावस्या नाही. म्हणजे रात्रही नाही. म्हणजे झोपायचं कधी, तारे बघायचे कधी? पोरांनी स्वतःहून एक अख्खं जग उभं केलं आणि स्वतःच ते मोडीत काढलं. सर म्हणाले, चला, एक सूर्य मालवूया. तिने धाकटा दिवा बंद केला. अंधार जागेवर आला, चेंडू काळे पडले, आणि पोरं वळली तशी प्रत्येक चेंडूच्या कडेवर एक-एक कोर उगवली. "आहा..." असा लांब आवाज वर्गभर फिरला. मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या, एका मुलाकडून चेंडू मागून घेतला आणि पदर सावरत स्वतःभोवती फिरायला लागल्या.

पण तास संपल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलंच, मांडणी आधी तपासली नव्हती का. सर म्हणाले, चूक माझी आहे. बस्स, एवढंच.

समिती कार्यालयात गेली. दोघं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिला माफी मागायची होती. पण आधी डोळेच भरून आले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"दुसरा दिवा. तुम्ही लावत होतात तेव्हाच कळलं होतं."

ती एकदम त्यांच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत? नोकरी पणाला होती तुमची."

"बोलणारच होतो. पण तुम्ही टाचा उंचावून, ओठ दाबून तो दिवा तिरपा करत होतात... माझ्यासाठी कुणी इतकं मन लावून काही करताना मी कधी बघितलं नव्हतं. काढा तो, असं म्हणवेना." त्यांनी हातावरचा खडू झटकला. "आणि म्हटलं, पोरं आहेत की. पकडतील."

"नसती पकडली तर?"

"तर गेलो असतो भावाकडे. पोती मोजायला."

तिला रागही आला आणि रडूही. असला कसला वेडा माणूस! आणि या वेड्या माणसाएवढं मोठं मन तिने आजवर पाहिलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आता गप्प बसले तर माझ्यासारखी मूर्ख मीच, असं तिने स्वतःला बजावलं आणि डोळे पुसले.

"जावं लागलं तर मीही येईन," ती म्हणाली. "फोटो कुठल्याही गावात काढता येतात."

"एवढ्या लांब? कशासाठी?"

"तुम्हाला कळत नाही, की माझ्याकडून वदवून घ्यायचंय?"

"मास्तर आहे मी. उत्तर मी सांगत नसतो... समोरच्याने सांगायचं असतं."

"मग ऐका. मला तुम्ही आवडता. वर्गात आवडता, वर्गाबाहेर आवडता, आणि मघाशी चूक माझी म्हणालात तेव्हा तर..." पुढचं वाक्य काही तिला पुरं करता आलं नाही. कार्यालयाचं दार उघडलं आणि शिपायाने सरांना हाक मारली.

ते आत गेले. तिने बाकाची कड घट्ट धरली. आतून नुसती कुजबूज ऐकू येत होती, एकही शब्द कळत नव्हता. शेवटी ते बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हते, पण कान... कान लालबुंद होते.

"मिळाली," ते म्हणाले. "मुख्याध्यापिका म्हणाल्या, मांडणी चुकली तर चुकली, पण वर्ग चुकला नाही."

तिच्या जिवात जीव आला. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. ते तिच्या शेजारी येऊन बसले, आधीपेक्षा जरा जवळ.

"म्हणजे आता गाव सोडायला नको," ते हळूच म्हणाले. "मघाचे शब्द मागे घेणार असाल तर..."

"गाव सोडायचा शब्द तेवढा मागे घेते," ती म्हणाली. "दुसरा नाही."