कूलरखालची पन्नी

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, माझीच आहे.

रात्रीची असेल असं समजून वाचत असाल तर आधीच सांगते, यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. अकोल्यात, जठारपेठेच्या मागच्या गल्लीत, आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात.

मी साधना. दुकान माझं आणि माझ्या नवऱ्याचं, कुंदनचं. आम्ही दोघं अमरावतीला एकाच क्लासात हार्डवेअर शिकलो. म्हणून सासूबाईंसमोर ‘तुमी’ आणि दुकानात ‘तू’.

कुंदनचा हात लई पक्का. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते तापतं, म्हणून त्याच्यावर पंख्याचा कूलर बसवतात. दोघांच्या मध्ये करड्या रंगाची थर्मल पेस्ट लावतात, म्हणजे डोक्याची गरमी कूलरकडे जाते. कुंदन तुरीच्या डाळीएवढा एकच थेंब ठेवायचा. मी जास्त लावली की चिडवायचा, "अवं साधना, पोळीले तूप लावून राहिली का?"

आणि त्याची एक सवय होती.

लग्नाआधी तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खायचा. प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घासतात ना, तो. लग्न ठरलं तेव्हा मी सोडायला लावला. तोंडाचा सुटला, हाताचा सुटला नाही. कुठलीही पन्नी हाती आली की तिच्या चार घड्या करायचा आणि घासत बसायचा.

चर्र… चर्र… चर्र…

माझं डोकं उठायचं. "बंद कर ना बाप्पा!" मी ओरडायची. तो हसायचा आणि आणखी जोरात घासायचा.

आता सांगते ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं.

अमरावतीला साईनगरात वामनकाका राहतात. लग्नपत्रिका बनवून देतात. त्यांची नवी मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आमच्याकडे तयार होत होती. कूलर बसवायचा राहिला होता. मी म्हटलं, मी बसवते, तू जेवून घे.

"बसव. पण द्यायच्या आधी माह्या नजरेखालून जाऊ दे."

मला राग आला. "काहून? माह्या हातावर भरवसा नाही का तुले?"

त्याने हात जोडले. "बरं बाई. नाही पाहत."

आणि खरंच नाही पाहिलं.

मशीन काकांकडे गेली. वीस मे, मंगळवार. सकाळी काकांचा फोन आला, मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडते, आणि ऐन लग्नसराईत पत्रिका अडकल्या आहेत. कुंदनने गाडीला किक मारली. पारा पंचेचाळीसच्या वर. मी म्हटलं, एसटीनं जा. त्याने ऐकलं नाही. मी त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधला आणि खिशात कांदा टाकला. आमच्याकडे उन्हात निघणाऱ्याच्या खिशात कांदा टाकतात, ऊन लागत नाही म्हणतात.

दीड वाजता त्याचा फोन आला.

"झालं काम. निघालो."

"काय झालं होतं?"

"काई नाही. वायर ढिली होती."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली तो पडलेला सापडला. गाडी नीट स्टँडवर लावली होती. ऊन लागलं होतं. मी पोहोचेपर्यंत काहीच उरलं नव्हतं. दवाखान्यातून त्याचं सामान मिळालं. चावी, मोबाइल, सुकलेला कांदा आणि चार घड्या केलेली एक पन्नी.

पन्नी पाहून मी तिथेच छाती पिटून रडले. जाता जाताही घासत असेल येडा, असं वाटलं. दुसरं काही मनात आलं नाही.

दीड महिन्याने दुकान उघडलं. पोट भरायचं होतं, सासूबाई होत्या, उघडावंच लागलं.

पहिल्याच आठवड्यात एक कूलर बसवायचा होता. नवा डबा. सील मी स्वतः ब्लेडने कापलं. कूलर बाहेर काढला, उलटा केला…

बुडाला पन्नी नव्हती.

नव्या कूलरच्या बुडाला पातळ निळसर पन्नी चिकटवलेली असते. ती काढूनच पेस्टवर बसवायचा, नाहीतर गरमी मध्येच अडते. वाटलं, कंपनीवाले विसरले असतील.

दुसऱ्या कूलरलाही नव्हती.

तिसऱ्यालाही नाही.

चौथ्या वेळी दुपारचे अडीच वाजले होते. लाइट गेली होती. पंखा बंद, गल्ली चिडीचूप. मी सील कापलं, पण डबा उघडला नाही. स्क्रू ड्रायव्हर शोधायला पाठ फिरवली…

चर्र…

मी जागच्या जागी थिजले.

चर्र… चर्र…

माझ्या मागून. त्याच्या स्टुलाकडून.

अवो माय! हिंमत करून वळले. स्टूल रिकामं. आवाज बंद. पण टेबलाच्या कोपऱ्यात चार घड्या केलेली निळी पन्नी होती. तिच्यावर अंगठ्याचा ठसा, करड्या पेस्टचा. मी तर त्या दिवशी पेस्टची ट्यूब उघडलीही नव्हती.

शटर तसंच टाकून घरी पळाले. सासूबाईंना सांगितलं. माझ्या सासूबाई, पार्बताबाई, काही रडणाऱ्यांतल्या नाहीत. मला बसवून पाणी दिलं. मग म्हणाल्या, "पोराचं काई तरी राहून गेलं असंन. तूच विचार त्याले. माह्याकडे तर येत नाही तो."

त्यांचं ते शेवटचं वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मी विचारलं. रोज विचारलं. काय राहिलं, कुंदन? फक्त प्रत्येक नव्या कूलरची पन्नी आधीच निघालेली, टेबलावर चार घड्या होऊन पडलेली. हळूहळू भीती गेली. खरं सांगू? मी कूलरच्या कामाची वाट पाहायला लागले. पन्न्या बिस्किटाच्या डब्यात जमवायला लागले. दवाखान्यातून मिळालेली सगळ्यात खाली. वाटायचं, आहे. जवळच आहे.

यंदाच्या मे महिन्यात वामनकाका स्वतः मशीन घेऊन आले. धूळ साफ करायची होती. काम चालू असताना ते म्हणाले,

"पोरी, त्या दिवसापासून मशीन एकदाबी बंद नाही पडली. लई गुणी होता तो. एवढी जराशी गोष्ट, पण चूक कबूल करायले लाजला नाही."

"कोणती चूक, काका?"

"तुले माहीत नाही? अवं, त्यानं पंखा उचलला, खालून पन्नी काढली अन् हसायले लागला. म्हणे, काका, पन्नी काढायची विसरलो मी, माह्याच हातानं बसवला होता. मंग पेस्ट पुसली, नवी लावली. म्या म्हटलं, ऊन उतरू दे, मंग जा. तर म्हणे, बायको वाट पाहून राहिली."

माझ्या हातातून ब्रश खाली पडला.

तो कूलर त्याने बसवला नव्हता.

मी बसवला होता.

माझ्या एका पन्नीसाठी तो शंभर किलोमीटर उन्हात गेला. तिथे चूक स्वतःवर घेतली. मला सांगितलं, वायर ढिली होती. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि वरून वर्षभर माझ्या आधी येऊन प्रत्येक कूलरची पन्नी काढत राहिला, मी पुन्हा चुकू नये म्हणून.

काका गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या स्टुलापाशी जमिनीवर बसले.

चर्र… चर्र…

अगदी जवळून आला आवाज. मी दोन्ही हात जोडले.

"कुंदन, माही चूक होती रे. मले कळलं आता. मी पन्नी नाही विसरणार. मले माफ कर."

चर्र…

आणि मध्येच थांबला. घासणारा हात कोणी धरावा तसा.

दुसऱ्या दिवशी नवा कूलर उघडला.

बुडाला निळी पन्नी होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट चिकटलेली.

तेव्हापासून अकरा कूलर बसवले. अकराही कूलरना पन्नी होती. टेबलावर काही नाही. स्टुलाकडून काही नाही. पूर्वी ज्या आवाजाने डोकं उठायचं, तो ऐकायला आता कान आसुसतात.

कधी कधी मी मुद्दाम डबा उघडा ठेवते आणि माठातलं पाणी प्यायला मागे जाते. सावकाश पिते. परत येऊन पाहते… पन्नी तशीच.

मग मीच काढते. चार घड्या करते. त्याच्या स्टुलावर बसून तळहातावर घासते. आवाज अगदी तोच येतो. पण हात माझे असतात.

सासूबाई म्हणतात, सुटला पोरगा, चांगलं झालं.

असेल. पण मला रोज दुपारी एकच वाटतं, की मी माफी मागायलाच नको होती.