हलता हात

किशोरीचे डोळे काचबिंदूने गेले, तरी विजयदुर्गच्या बंदरावरची फाटकी जाळी तिच्याकडेच यायची. नुसता हात ठेवला, तर जाळं ओलं आहे एवढंच कळे. बोटं फिरली की गाठ न् गाठ उमगे, कुठे किती फाटलंय तेही.

वादळात होडी उलटून तिचा नवरा दत्ताराम नाहीसा झाला. महिन्याभराने तो चालत घरी आला. आवाज तोच, खोकलाही तोच. नणंद प्राजक्ता त्याच्या गळ्यात पडून रडली. किशोरीने त्याच्या चेहऱ्याकडे हात नेला, तेव्हा त्याने तो गालावर दाबून धरला. गाल गार होता.

"मीच आसंय गो," तो म्हणाला.

रोज तेच. हात गालावर ठेवून घ्यायचा, पण हलू द्यायचा नाही.

"दादाक तरास दिव नको, वैनी," प्राजक्ता म्हणाली. "माका दिसता. तोच आसा."

"तुका दिसता. माका बोटांनी बघूक व्हया."

एका दुपारी प्राजक्ता पडवीत बांगडे साफ करत होती. किशोरी आत त्याच्यासमोर जाऊन बसली. "हात सोडा." या वेळी त्याने सोडला.

नाक जागच्या जागी होतं. कानाची फाटकी पाळी शोधली, सापडली. मिशीआडचा तीळही होता. पण बोट पोहोचताना कातडी क्षणभर सपाट लागायची. मग खालून काहीतरी वर येऊन बोटाला भेटायचं.

ती मागे सरली नाही. दत्तारामच्या हनुवटीवर कधीच नव्हता असा एक आडवा वण तिने मनात आणला आणि बोट तिकडे नेलं.

वण होता.

"तू तो न्हय," ती म्हणाली. "भायर हो. ह्या घरात तुका जागा नाय."

प्राजक्ता धावत आत आली. "वैनी, काय बोलतस ह्या?"

"त्याच्या हनुवटीर बघ. तो वण कधीचो?"

"ल्हानपणचो. माडावरसून पडललो, तेव्हाचो."

किशोरीने बोट मागे घेतलं.

त्याची गार बोटं तिच्या कपाळाला टेकली. हलू लागली. सावकाश, भुवईकडे, तिथे कधीच नव्हतं असं काहीतरी शोधत.

तिने ते मनगट दोन्ही हातांनी आवळलं. "हलव नको."

बोटं थांबली. तिने पकड सोडली नाही.

"वैनी," प्राजक्ता हळूच म्हणाली, "तुज्या भुवयेवरचो जुनो वण लाल झालो गो."