दादाची बॅटरी

ही घडलेली गोष्ट आहे. मी स्वतः त्या खोलीत होतो.

माझ्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची. जिन्याखालची आमची खोली, खिडकी नसलेली. भरदुपारीही दिवा लागायचा. माझी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि अंधार झाला की तिचा श्वास कोंडायचा.

वीज सारखी जायची. नव्या बॅटरीवर दिवा चार तास चालायचा.

मग अंधार...

जावई वायरमन. तो म्हणाला, दोन बॅटऱ्या जोडा, लाल वायरला लाल, काळीला काळी. उजेड तेवढाच, पण टिकेल दुप्पट.

"फक्त मामा, दोन्ही नव्या हव्यात. जुनी असली की नवीला खाते."

दुसरी तो रविवारी आणणार होता. मला दम निघेना. माळ्यावर दादाची जुनी बॅटरी होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो याच खोलीत गेला, सात वर्षांपूर्वी. दिवा विझलेला. तो म्हणत होता, उजेड कर. मी म्हणालो, थांब, येईल वीज.

वीज आली तेव्हा तो नव्हता.

मंगळवारी मी त्याची बॅटरी पुसली आणि खाटेखालच्या नव्या बॅटरीला जोडली. बायको पडल्यापडल्या हसली. "मलाही जोडा कुणाला तरी. दुप्पट टिकेन."

संध्याकाळी वीज गेली. दिवा लागला.

चार तास झाले... आठ झाले...

बुधवारची दुपार झाली. वीज नव्हती, दिवा मात्र जास्तच लख्ख. बायको पांढरी पडत चाललेली. डॉक्टर येऊन, अशक्तपणा आहे म्हणून गेले.

मग खाटेखालून आवाज आला...

खोकला. कोरडा. दोनदा. दादा तसाच खोकायचा.

मी वाकून हात लावला. नवी बॅटरी गार पडलेली. दादाची गरम... तापल्या अंगासारखी.

वायर सोडवायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं.

"अहो, दिवा घालवू नका."

मग माझ्या खांद्यामागे बघून हळूच म्हणाली, "भाऊजी, पुरे आता. मलाही ठेवा थोडं."

मागे कुणी नव्हतं.

मी दोन्ही वायरी तोडल्या. बॅटऱ्या उचलून जिन्याबाहेर ठेवल्या. परत आलो...

दिवा चालूच होता. वीज आलेली नव्हती.

तिचा हात हातात घेतला. गार, त्या नव्या बॅटरीसारखा. मला काहीतरी तोडायचं होतं, पण तोडायला काही उरलंच नव्हतं.

नंतर जावयाने मीटर लावून पाहिलं. नवी पार रिकामी. दादाची काठोकाठ भरलेली. त्याने पुन्हा लावून पाहिलं. तेच.

ती बॅटरी मी दोनदा भंगारवाल्याकडे नेली आणि दोनदा परत आणली. अजून माळ्यावर आहे. गरम आहे का, ते हात लावून बघायचा धीर होत नाही.

माझी बायको त्याच बुधवारी, संध्याकाळी सहा वाजता गेली. दिवा त्यानंतर विझला.